घड्याळजींची स्वस्त दुर्बीण

सासऱ्यांना नेमबाजीचा नाद सुनेनंच लावला होता, त्यामुळे त्यांच्या कुरकुरीला तोंड देणंही तिच्याच वाट्याला आलं.

सून मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादाचा ब्रेक ठेवायचा आणि स्टिअरिंग घट्ट आवळून बसलेल्या नवशिक्यांना गोड बोलून चौकातून पार करायचं, हे तिचं काम. सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांच्या मनगटावरची वेळ सांभाळली. मग एका महिन्यात दोनदा त्यांच्या चिमट्यातून बारीक स्प्रिंग उडाली. दुसरी तर सापडलीच नाही. कुणाशी काही न बोलता त्यांनी दुकान आवरलं. "हात थरथरायला लागलाय," एवढंच घरी सांगितलं.

तिचा नवरा म्हणाला, "बाबा, आता आराम करा." पण आराम त्यांना मानवला नाही. दोन महिन्यांत त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तीन-तीनदा तेल दिलं. ते संपल्यावर स्वयंपाकघरात सुनेच्या मागे उभं राहून डब्यांची झाकणं किती घट्ट लावावीत, हे सांगायला लागले.

चौथ्या झाकणाला सुनेनं त्यांचं नाव रायफल क्लबात घातलं. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या एका बाईंचा तो क्लब होता, आणि तिथल्या कोचही त्याच. पालथं झोपायचं, कोपरं टेकायची आणि पन्नास मीटरवरच्या कागदाला गोळी मारायची.

"तुमचंच काम आहे हे," ती म्हणाली. "घड्याळ जरा लांब टांगलंय, एवढंच."

ते रमले. शनिवारी सकाळपासूनच बूट घालून बसायला लागले. अडचण फक्त एक होती. पन्नास मीटरवर गोळीचं भोक केवढं दिसणार? साध्या डोळ्यांना काही म्हणता काही दिसायचं नाही. बाकीचे आपापल्या छोट्या दुर्बिणीतून बघायचे. सासऱ्यांच्या शेजारच्या जागेवर एक निवृत्त बसड्रायव्हर असायचा, लांबलचक मानेमुळे सगळे त्याला उंटराव म्हणायचे. माणूस भला होता. स्वतःचं आवरलं की दुर्बीण वळवून तो यांचे गुणही बघून सांगायचा.

"सात. डावीकडे, खाली."

सासरे लगेच नेम उजवीकडे, वर सरकवायचे.

"आता फार उजवीकडे गेलात. सहा."

परत डावीकडे. असं दुपारभर चालायचं, आणि कागद हातात यायचा तेव्हा त्याला देवी आल्यासारखी भोकं सगळीकडे विखुरलेली असायची. परतताना ते गाडीत आपल्या उजव्या पंजाकडे बघत बसायचे.

"पुढच्या महिन्यात ज्येष्ठांची स्पर्धा आहे म्हणतात," एका शनिवारी ते म्हणाले. "माझं नाव देऊ नकोस. हात गेला माझा."

"हाताचं नंतर बघू," सून म्हणाली. "आधी आपण आपली दुर्बीण घेऊ. दुसऱ्याच्या डोळ्यांनी किती दिवस बघायचं?"

"महाग असते ती."

"मग स्वस्तातली घेऊ."

दुर्बिणींचं दुकान अरुंद होतं, पण मागे लांबवर गेलेलं. दुकानदारीण काउंटरवर संत्रं सोलत बसली होती. नेमबाजी म्हटल्यावर तिनं हात पुसले आणि कपाटातून एक भलीमोठी दुर्बीण उचलून आणली. तिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणे.

"आम्हाला पन्नास मीटरवरचे खड्डे दिसले तरी पुष्कळ," सून म्हणाली. "चंद्राचं आमच्याकडे काही काम नाही."

दुकानदारीण हसली, खाली वाकली आणि खालच्या फळीवरून एक काळी, बुटकी दुर्बीण काढली. अंग प्लास्टिकचं, तिवई जेमतेम गुडघ्याएवढी, आणि बघायची बाजू वर वळलेली.

"ही घ्या. पडल्यापडल्या मान न उचलता बघता येतं, म्हणून वाकडी बरी. आणि खरं सांगते, डब्यावर साठपट लिहिलंय, पण चाळिसाच्या पुढे सगळं धुरकट होतं. पन्नास मीटरला तीसपटीत काम भागतं."

या खरं बोलण्यानं सुनेचं मन निम्मं वळलं. सासऱ्यांचं मात्र एवढ्यानं भागणार नव्हतं. त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि दुर्बिणीच्या काचेची कसून तपासणी केली. मग ती कानाशी धरली आणि फोकसची कडी हळूहळू पुढे-मागे फिरवली.

"दाते जरा ढिले आहेत," ते म्हणाले. "पण कुठे अडकत नाहीत. जिनं जुळवलीय तिला कामाची घाई नव्हती."

"जिनं कशावरून?" सुनेनं विचारलं.

"जिनं किंवा ज्यानं. काम नीट आहे, एवढं कळतं."

दुकानाच्या दारात तिवई मांडली. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवला होता. सासरे वाकले आणि लगेच कपाळाला आठ्या पडल्या. चष्म्यामुळे त्यांना नुसता मधला ठिपका दिसत होता.

"ते रबर खाली दुमडा," दुकानदारीण म्हणाली. "चष्मेवाल्यांसाठीच असतं."

रबर दुमडलं. सासरे पुन्हा वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"वाचा की," सून म्हणाली.

"'चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही.' त्याखाली बारीक अक्षरात, 'उधारी तर मुळीच नाही.'" मग दुर्बीण जराशी सरकली. "शेजारच्या दुकानात एक गृहस्थ टोपी घालून आरशात बघतायत. घेऊ नका म्हणावं, कान झाकतेय. अरेरे, घेतली."

महिन्याभरात एवढे शब्द ते एका दमात बोलले नव्हते. सुनेनं पर्स उघडली आणि घासाघीस न करताच दुर्बीण घेतली. नंतर तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी सासरे रायफल घेऊन पालथे झाले. त्यांच्या मागे चटईवर सून बसली, कारण तिवईचा एक पाय सारखा घसरत होता आणि तो धरून ठेवायला कुणीतरी हवं होतं. पहिली गोळी सुटली. सुनेनं कडी फिरवली. धूसर कागद एकाएकी लख्ख झाला आणि काळ्या गोलात, डावीकडे खाली, एक नेटकं भोक दिसलं.

"कुठे?" सासऱ्यांनी विचारलं.

तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण त्याच क्षणी तिला आपल्या गाडीतले नवशिके आठवले. त्यांना सारखं डावीकडे, उजवीकडे सांगत राहिलं की गाडी सापासारखी वळवळते. गप्प बसलं की तेच शिकाऊ हात चाक सरळ धरतात.

"सांगत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाच मारा. नेम हलवायचा नाही, पहिल्यासारखाच धरायचा. मग सांगते."

"अगं, मग दुर्बीण कशाला घेतली?"

"मला बघायला. मारा तुम्ही."

ते पुटपुटत पुन्हा वळले. दुसरी गोळी सुटली. सुनेला नवीन भोक दिसेना. हुकली की काय, म्हणून तिनं सगळा कागद धुंडाळला. मग तिला दिसलं की पहिलंच भोक थोडं लांबट झालंय. तिसरी तिथेच शेजारी. चौथी खाली चिकटून. पाचवीच्या वेळी सुनेनं स्वतःचाच श्वास रोखला होता. पाचवीही त्याच घोळक्यात गेली.

"झाल्या पाच," सासरे म्हणाले. "सांग आता, किती वाईट?"

तिला हसू आवरेना. तिनं दुर्बीण उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच बघा."

त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"एवढीच? बाकीच्या कुठे गेल्या?"

"पाचही तिथेच आहेत. कोटाच्या एका बटणाखाली झाकता येतील."

"पण मधे नाहीत."

"मधे नाहीत, पण एका जागी आहेत. थरथरणारा हात पाचही गोळ्या एका जागी ठेवेल का?"

उंटराव मान लांबवून त्यांच्या दुर्बिणीत डोकावला, त्यानं शीळ घातली आणि कोचबाईंना हाक मारली. कोचबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हाताचा काही दोष नाही. नेम धरायची मागची साईट तुमच्या डोळ्याला जुळवलेली नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी पाच मारून बघा."

"सांगितलं होतं," सासऱ्यांनी कबूल केलं. "धीर धरवला नाही."

कोचबाईंनी साईटची चकती फिरवायला हात पुढे केला, पण सासऱ्यांनी आपलाच हात मधे घातला. अंगठा आणि एक बोट, बस्स. टक, टक, टक. थोडं उजवीकडे, थोडं वर. सुनेनं त्यांना दुकानात हजारदा असं बसलेलं बघितलं होतं, खांदे सैल, ओठ किंचित मुडपलेले. मग ते पालथे झाले. नऊ. दहा. नऊ. दहा. दहा. या वेळी तिनं सगळे आकडे मोठ्यानं सांगितले, आणि शेवटच्याला तिचा आवाज एवढा चढला की रेंजच्या पार टोकाचा माणूस वळून बघायला लागला.

स्पर्धेत सव्वीस जणांत घड्याळजी नववे आले आणि उंटराव आठवा. दोघांत एकाच गुणाचं अंतर. त्या दिवशी सून दोघांना गाडीतून घरी सोडत होती, आणि मागच्या सीटवर तो एक गुण नक्की कुणाचा यावर असं काही जुंपलं होतं की पहिल्या सिग्नललाच तिनं आरशातून मागे बघून बजावलं, "आवाज खाली करा, नाहीतर दोघांनाही इथेच उतरवीन."

"उतरव की," सासरे खुशीत म्हणाले. "चालत जाऊ. वाटेत याला समजावतो."

उंटरावानं खरंच दार उघडलं, तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाड्यांनी एकच कल्ला केला.