तारीख घातलेले सेल

"तुझी काकू चिडलीय," रवींद्रकाका काउंटरवर हिरवट डबा ठेवत म्हणाले. "म्हणते, जन्मभर डॉक्टरकी केली आणि म्हातारपणी हे शिकारीचे धंदे! म्हटलं, अगं, गोळी तो बॉब घालतो. मी नुसता थर्मासमधला चहा पितो."

नेत्रा हसली. फ्रिस्कोजवळच्या या शिकारसामानाच्या दुकानात मराठी गिऱ्हाईक हे एकच. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतलेली नेत्रा इथे बॅटऱ्यांचा विभाग सांभाळायची. बाळंतपणानंतर कामावरचा आज पहिला दिवस. चार महिन्यांची इला काकांच्याच घरी, शोभनाकाकूंपाशी होती. सकाळपासून तीन फोन करून झाले होते.

डबा म्हणजे कॉलर, जनावरांना बोलावून आणणारं यंत्र. रानात ठेवून लांबून रिमोट दाबला की त्यातून जखमी सशाचं पिल्लू ओरडायला लागतं. ते ऐकून कायोटी, इकडचे कोल्हे, जवळ येतात.

"शनिवारी निघतोय. तिकडे थंडी मरणाची. गेल्या खेपेला तासाभरात ससा घोगरा झाला. बॉब म्हणतो, डॉक, तुझ्या सशाला सर्दी झालीय!"

"साधे अल्कलाइन घातले असणार. थंडीत टिकत नाहीत ते. लिथियम घ्या, काका. आठ लागतील. शेवटपर्यंत आवाज खणखणीत."

"आणि संपत आले की?"

"कळत नाही." तिने पाकीट काउंटरवर ठेवलं. "साधे हळूहळू दमतात, आवाज पडत जातो. लिथियम दमत नाहीत. एकदम बंद."

पहिल्या बाळाच्या, अनिशच्या, बेबी मॉनिटरमध्ये तिने लिथियमच घातले होते. इंजिनियर ना ती. सगळ्यांत चांगले हवे होते. त्या दुपारी सेल एकदम संपून मॉनिटर गप्प होता आणि ती भाजी निवडता निवडता नवऱ्याला, सिद्धेशला, फोनवर सांगत होती, आज काय छान झोपलाय रे. पुढे डॉक्टर म्हणाले, मॉनिटर चालू असता तरी काही ऐकू आलं नसतं; अशी बाळं आवाज न करता जातात. सिद्धेशने ते मानलं. तिने मान हलवली, एवढंच. आता इलासाठी ती साधेच सेल आणायची, दर रविवारी बदलायची आणि प्रत्येकावर काळ्या पेनाने तारीख घालायची.

"आधी जुने काढते. जुने-नवे मिसळायचे नाहीत."

झाकण उघडून तिने सेल तळहातावर घेतले. आठांतल्या दोनांवर तारीख होती. कालची. तिच्याच अक्षरात.

"काका, हे कुठले?"

"ते होय? डबा चालतो का बघायला दोन कमी पडले, म्हणून इलाच्या त्या मशीनमधले काढले. जाताना नेतोच की परत. काकू आहे ना घरात, मशीन कशाला..." त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली. अनिशचं त्यांना ठाऊक होतं.

तिने फोन लावला. चौथ्या रिंगला काकूंनी उचलला.

"अगं, किती फोन करशील! झोपलीय ती."

"कुठे?"

"आतल्या खोलीत. मी इकडे पोळ्या लाटतेय. मशीन शेजारीच ठेवलंय तुझं. अगदी शांत आहे बघ."

"काकू, आत जा. आत्ता."

काकूंच्या सपातांचा आवाज आला. दार करकरलं. मग काहीच नाही. काकांनी काउंटरची कड घट्ट धरली होती.

आणि मग झोपमोड झालेल्या इलाने टाहो फोडला.

"उठवलंस ना पोरीला!" काकू करवादल्या.

नेत्राच्या कुडत्याला पुढून दुधाची ओल आली. तिने एप्रन वर ओढला आणि फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. मग आठ लिथियम सेल एकेक करून डब्यात बसवले. उलटसुलट नीट पाहून. गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवायचा दुकानाचा नियम होता. तिचा हात बटणापाशी गेला.

"राहू दे, पोरी," काका हळूच म्हणाले. "चालतोय तो."

तिने हात मागे घेतला. तारखेचे दोन सेल कागदी पिशवीत घालून तिने त्यांच्या पुढे केले. "आधी घरी जा, काका." त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि कॉलर काउंटरवरच विसरून ते दाराकडे निघाले.

फोनमधून काकू थोपटत होत्या, "उगी, उगी..."

"काकू," नेत्रा फोनवर वाकली, "लगेच गप्प नका करू तिला. जरा रडू द्या."