दुसरा ठोका

बॉल पोटात बसला आणि राखीव गुडघ्यांवर आला. श्वास परत यायच्या आत कप्तानानं दुसरा बॉल पायाशी ओढून घेतला.

“ऊठ. चिमटा असता तर एव्हाना उभा राहिला असता.”

राखीव उठला. बाकीचे कमरेवर हात ठेवून बघत होते. कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये तो आठ वर्षं राखीव गोलकीपर होता. इतकी वर्षं, की सगळे त्याला राखीवच म्हणायचे, खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. बाटल्या भरायच्या, जाळीची भोकं शिवायची आणि बाकावर बसून चिमट्याचा खेळ बघायचा. चिमटा हा त्यांचा खरा गोलकीपर. एकदा बॉल हातात आला की सुटायचा नाही, म्हणून चिमटा. दोघंही पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेस खात्यात, शेजारशेजारच्या मशीनवर.

महिन्यापूर्वी शाळेतून निरोप आला, राखीवच्या मुलीला ताप भरलाय.

“दादा, तासभर माझं मशीन सांभाळशील?” त्यानं चिमट्याला विचारलं.

“हे काय विचारणं झालं? जा, आधी पोरीकडे बघ.”

त्या तासाभरात चिमट्याच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली.

याच्यापायी त्याचा हात गेला आणि आता हाच त्याच्या जागी उभा, एवढंच टीमला कळत होतं. त्यापुढचं फक्त राखीवला ठाऊक होतं. त्याची प्रेस दोन दिवस बिघडली होती. पायडल एकदा दाबलं की ठोका पडायचा, आणि मधूनच, कोणी न दाबता, दुसरा पडायचा. तक्रार केली तर मशीन बंद राहणार, साहेब ओरडणार, म्हणून तो गप्प बसला आणि जपून हात घालत राहिला. घाईघाईत निघताना चिमट्याला सांगायचं राहून गेलं. चौकशीत विचारलं, तेव्हा मात्र राहून गेलं नव्हतं. “मशीन ठीक होतं,” असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला. कागदावर शेरा पडला, कामगाराचा निष्काळजीपणा.

त्यानंतर तो उजाडायच्या आत उठू लागला. गोदामाच्या भिंतीवर बॉल मारायचा, अडवायचा, पुन्हा मारायचा. कोपरं सोलली, बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या. बायको शेकायला बसली की म्हणायची, “खेळतोयस की शिक्षा भोगतोयस?”

तो कूस बदलायचा.

दोन महिन्यांनी एका पहाटे कप्तान गोदामापाशी उभा दिसला. काखेत बॉल होता.

“भिंत कुठे बॉल वळवून मारते? सरक मागे, मी मारतो.”

हळूहळू आणखी दोघं येऊ लागले. डबा खाताना बाकावर त्याच्यासाठी जागा होऊ लागली. थंडी संपता संपता गोदी कामगारांच्या टीमशी शेवटची मॅच झाली, तेव्हा त्यानं शेवटच्या मिनिटाची पेनल्टी उजवीकडे झेपावून अडवली. कारखान्याला नऊ वर्षांनी स्पर्धेची ढाल मिळाली.

कपडे बदलायच्या खोलीत नुसता कल्ला होता. कप्तानानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. “आजपासून याला कोणी राखीव म्हणायचं नाही!”

तेवढ्यात दारात चिमटा दिसला. अपघातानंतर पहिल्यांदाच मैदानावर आला होता. उजवा हात कोटाच्या खिशात खोल खुपसलेला. कल्ला करणारे बाजूला सरकले. तो बाकावर टेकला आणि राखीवकडे बघून हसला.

“ती पेनल्टी मलाही अडवता आली नसती रे. मेहनत दिसते तुझी.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि माझ्या हाताचं मनाला लावून घेऊ नकोस. तू काय केलंस? माझंच लक्ष नव्हतं. पंधरा वर्षं मशीनवर काढली आणि नवशिक्यासारखा हात घालून बसलो. बायकोलाही तोंड दाखवायची लाज वाटते.”

“लक्ष होतं तुझं, दादा.”

“काय?”

“लक्ष होतं. मशीन दुसरा ठोका देत होतं. दोन दिवस. मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही. चौकशीतही खोटं बोललो.”

कप्तानाचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला.

चिमटा पुढे वाकला. “म्हणजे माझी चूक नव्हती?”

“नव्हती.”

“हे ऑफिसात सांगशील?”

“उद्या सकाळी.”

“काढतील तुला.”

“हो.”

राखीवनं जर्सी काढली. घामानं ती अंगाला चिकटली होती, डोक्यातून निघताना दोनदा अडकली. कोणी मदतीला पुढे झालं नाही. घडी घालून त्यानं ती बाकावर ठेवली, शर्ट चढवला आणि बटणं न लावताच तो बाहेर पडला. त्याला कोणी हाक मारली नाही, की शिवीही घातली नाही.

आत सगळे उभेच होते. चिमट्यानं खिशातला हात बाहेर काढला, गुडघ्यावर ठेवला, आणि सगळ्यांच्या देखत तो तसाच राहू दिला.