हातांचा वास

"हात पुढं कर, शिवयोगी. दोन्ही."

अप्पांनी हात पुढे केले आणि हिंदुराव सुपरवायझरांनी वाकून ते चक्क हुंगले! औषधांच्या कारखान्याच्या फाटकात, सगळ्यांदेखत! नववीची परीक्षा संपली होती, मे महिन्याची सुट्टी, म्हणून अप्पांचा डबा मी आणायची. मी शेजारीच उभी.

"तेल लावून आलास न्हवं?"

"न्हाय साहेब. आठवडा झाला, डोस्क्याला बी न्हाय."

"मग गोळ्या कशानं बिघडतात? मशीनवर तर तूच असतोस की."

बारा वर्षं अप्पा गोळ्या पाडायच्या मशीनवर होते. वरून पोलादी दट्ट्या, म्हणजे पंच, येतो, पूड दाबतो, गोळी बाहेर. पण गेले आठ-दहा दिवस पूड पंचालाच चिकटत होती आणि डोकेदुखीच्या गोळ्यांचे टवके उडत होते. सुपरवायझरांनी ठरवूनच टाकलं होतं, की अप्पा तेलकट हातांनी पंच पुसतात. शनिवारपर्यंत थांबलं नाही तर अप्पा मशीनवरून गोदामात, पोती उचलायला.

गुरुवारी अप्पांची सुट्टी. दुपारी ते चटईवर पडले होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी हळूच जवळ गेले आणि त्यांचा हात हुंगला. साबण. नुसता साबण. तरी पुन्हा हुंगला.

अप्पांचे डोळे उघडे होते.

"ह्यो बी बघ," ते म्हणाले आणि दुसरा हात पुढे केला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अप्पा, दिवसभर चिकटतं का हो?"

"न्हाय ग. सकाळी झकास चालतंय. अकरानंतर चिकटाया लागतंय."

शुक्रवारी मी मुद्दाम अकराला डबा थेट आत मशीनपर्यंत नेला, आणि सापडलं! सुपरवायझरांच्या केबिनच्या खिडकीला वाळ्याचा पडदा. झाडणारी शिवबाई त्यावर तांब्या-तांब्यानं पाणी मारत होती, पुढ्यात पंखा गरगरत होता. केबिनची भिंत छातीइतकीच. सगळा ओला गारवा तिच्यावरून सरळ अप्पांच्या मशीनवर!

"मावशी, हा पडदा कधी लावला?"

"झालं की आठ-धा दिस. साहेबास्नी लई उकडतंय."

मी थेट केबिनमध्ये शिरले. "साहेब, पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओल धरतं ना? तशी तुमच्या पडद्यानं पूड ओल धरते. आज पडदा कोरडा ठेवून बघा. मग हुंगा माझ्या अप्पांचे हात!"

"विजे, गप!" अप्पा मशीनवरून ओरडले.

"शाळंत ह्येच शिकवतात व्हय?" हिंदुराव हसले. पण शिवबाईला त्यांनी हातानंच थांबवलं. अप्पांनी पंच पुसले, नवी सुकवलेली पूड घातली. चार वाजेपर्यंत गोळ्या गुळगुळीत पडत होत्या, एकीचाही टवका नाही.

शनिवारी मी डबा घेऊन ऐटीत अप्पांबरोबरच निघाले. हिंदुराव आज काहीतरी बोलतीलच, मला खात्री होती. ते फाटकात मानेचा घाम पुसत उभे होते.

"जा की, शिवयोगी. जा आत."

अप्पा थांबले. दोन्ही हात पुढे केले.

"हुंगा, साहेब."

मागे माणसं खोळंबली. हिंदुराव रस्त्याकडे बघत राहिले. अप्पांनी हात खाली घेतले नाहीत. शेवटी हिंदुरावच बाजूला झाले.

मी डबा पुढे केला. अप्पांनी दोन्ही तळवे क्षणभर माझ्यासमोरही उताणे धरले. मग डबा घेतला.