सोंडेवरचं टाकं

दत्तोबा थुंकला की रामहरी दुसरीकडे बघत असे. लहानपणापासूनची सवय होती ती. पिंक कुठे पडते ते पाहायचे नाही, म्हणजे दोस्ती टिकते, असे त्याने कधीतरी मनाशी ठरवून टाकले होते. पण डोंगराच्या सोंडेवर वाट इतकी अरुंद होती की दत्तोबा पुढे, कुंडलिक मधे आणि रामहरी मागे असेच चालावे लागे, आणि पुढच्याने टाकलेले मागच्याला ओलांडावे लागे.

तिघेही काटेवाडीचे. दरसाल थंडीत एक दिवस शेताला सुट्टी द्यायची, छकड्याने निमगाव केतकीला येऊन कुंडलिकच्या बहिणीकडे मुक्काम करायचा, आणि पहाटे गावामागच्या सोंडेवर चढून धारेधारेने पार शेवटच्या टोकाला बिरदेवाच्या ठाण्यापर्यंत चालत जायचे, हा त्यांचा तरणेपणापासूनचा शिरस्ता. नवस नव्हता की काम नव्हते. घरची माणसे हसायची, की पाय दुखवून घ्यायला कुणी डोंगरावर जातं का. हे आपले जायचे.

त्या वर्षी मात्र, म्हणजे एकोणीसशे चौतीसच्या थंडीत, चालण्याला काम चिकटले होते. रामहरीची रतन दत्तोबाच्या थोरल्याला द्यायची, असे दोन्ही घरांत जवळजवळ ठरले होते. पौष लागला की सोयरिकीची बोलणी थांबतात, म्हणून मार्गशीर्षातच बिरदेवापुढे सुपारी फोडून शब्द पक्का करायचा, असे दत्तोबानेच सुचवले होते. सुपारी रामहरीच्या धोतराच्या सोग्यात बांधलेली होती. चालताना ती मांडीवर हळूच आपटायची, आणि प्रत्येक वेळी त्याला बरे वाटायचे. दत्तोबाचा ऊस पाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेला, रामहरीचा मात्र वांग्यामिरच्यांचा एवढासा तुकडा. दत्तोबाच्या घरात पडली तर आईसारखी डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन रतनला बारामतीच्या बाजाराची वाट तुडवावी लागणार नव्हती.

एवढेच होते असे नाही. बोलणी करायला तो दत्तोबाच्या घरी गेला, तेव्हा दत्तोबाची बायको चंद्राबाई परसात राखेने पिकदाणी घासत बसली होती. तोंड एका बाजूला फिरवून, श्वास धरून ती बोटे आत घालत होती. रामहरीला पाहून हसली आणि म्हणाली, "आता सून आली की सुटले बाई मी ह्यातनं." रामहरीही हसला होता. ते हसू त्याच्या दातांत अजून अडकून बसले होते.

सूर्य वर आला तरी वारा अंगाला चावत होता. दक्षिणेला खाली पाटाच्या कडेने हिरवी पट्टी दिसत होती, उत्तरेला नुसता फुफाटा आणि वाळलेले गवत. कुसळे धोतरात घुसत होती. दत्तोबाचा पाय कुठेतरी ओल्या शेणात गेला आणि तो शिव्या देत वहाण दगडाला घासू लागला. त्याच वेळी कुंडलिकला कपारीखाली पाणी दिसले.

खडकात नैसर्गिक खोलगट टाके होते, हौदापेक्षा लहान. त्याच्या तोंडावर बाभळीच्या काट्या रचून ठेवलेल्या. एवढ्या वर्षांत ते त्यांना कधी दिसले नव्हते, कारण दरसाल ते वरच्या अंगाने जात; या खेपेला खालच्या अंगाने आले होते. कुंडलिकने काठीने काट्या बाजूला ओढल्या. पाणी गार होते, तळ दिसत होता.

सगळ्यात आधी पाय बुडवले ते रामहरीनेच. हे त्याला पुढे विसरता आले नाही. काटेवाडीच्या माणसाला पाणी म्हणजे पाट. पाटात पाय धुवा, बैल धुवा, घाण पुढे वाहून जाते आणि मागून स्वच्छ पाणी येते. काट्या कुणी आणि कशासाठी रचल्या असतील, असा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. त्याने टाचा चोळल्या, पिंढऱ्यांवर पाणी मारले.

मग कुंडलिकनेही पाय धुतले, आणि शेवटी दत्तोबा उतरला. त्याने शेणाची वहाण पाण्यात बुडवून खळबळली. तोंडातला विडा बोटाने कोरून काढला, चूळ भरली आणि पिचकारी समोरच मारली. नाक शिंकरले. हात पाण्यातच हलवले. लाल तवंग पसरत पसरत रामहरीच्या पायाशी आला तेव्हा त्याने पाय वर ओढून घेतला. पाणी हललेच नाही. घाण कुठे गेली नाही. ती तिथेच, त्याच्या डोळ्यांसमोर, हळूहळू खाली बसू लागली, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की हे पाणी कुठूनही येत नाही आणि कुठेही जात नाही.

कुंडलिक म्हणाला, चला, भूक लागली. काट्या तशाच पडून राहिल्या.

ठाणे तिथून हाकेच्या अंतरावर होते. शेंदूर फासलेला दगड, भोवती दगडांचा गडगा. पलीकडे धनगरांचा मेंढवाडा. तिघे भाकरीचे फडके सोडून बसले, तोच वाड्यातून एक बाई डोक्यावर घागर घेऊन कपारीकडे जाताना दिसली. कुंडलिकने दत्तोबाला कोपराने ढोसले आणि दोघे आवाज न करता हसले. रामहरीचा घास तोंडात फिरू लागला. उठावे, हाक मारावी, असे त्याला वाटत होते. पण सुपारी अजून फुटायची होती, आणि दत्तोबा त्याच्याकडे पाहत होता.

बाई परतली. थोड्या वेळाने ती त्यांच्याकडे आली ती ताकाची चरवी आणि पितळी वाटी घेऊन. देवाच्या दारी पाहुणे आले तर ताक दिल्यावाचून जाऊ द्यायचे नाही, अशी त्यांची रीत असल्याचे तिने सांगितले. नाव बानूबाई. माणसे मेंढरे घेऊन खाली गेली होती, ती एकटीच होती. ताक जरा पातळ केलेय, म्हणाली, दूध आटलेय सध्या.

"पाणी लांबनं आणावं लागतं का?" कुंडलिकने साळसूदपणे विचारले.

"हितंच टाकं हाय. शिमग्यापातूर पुरवायचं," बानूबाई म्हणाली. "आज कुणाचं तरी जनावर शिरलं व्हतं त्यात. काट्या समद्या इस्कटलेल्या. वरचं पाणी बाजूला सारून भरलं बगा."

"जनावरंच ती," दत्तोबा गंभीर चेहरा करून म्हणाला. "त्यांना काय कळतंय."

मग तो म्हणाला की त्याचा आज उपास आहे. समोर भाकरीचा तुकडा होता, त्यावर त्याने उपरणे टाकले. कुंडलिकला खोकला आठवला. दोघांनी रामहरीकडे बोट दाखवले. आमचे व्याही पितील, दत्तोबा म्हणाला आणि त्याने डोळा मारला.

बानूबाईने वाटी भरून पुढे केली. पांढरेशुभ्र ताक होते. त्यात काहीच दिसत नव्हते, आणि तेच वाईट होते. रामहरीने वाटी तोंडाला लावली. मेंढराच्या दुधाचा उग्र वास आला, आणि त्याच्या आड, खरा की मनाचा कोण जाणे, काताचा आणि चुन्याचा. जिभेवर काहीतरी बारीक, कुसळासारखे लागले. आपले पाय, दत्तोबाची वहाण, नाक, सगळे त्याला एकामागून एक दिसले. त्याने वाटी रिकामी केली. का केली, हे त्याला सांगता आले नसते. भिऊन केली असेल, किंवा पायाचे पाणी आपलेच होते म्हणून.

"आता मीबी घेते घोटभर," म्हणत बानूबाईने चरवी उचलली. ती तोंडाशी नेणार, तोच रामहरीने तिचा हात धरला.

"बाई, पिऊ नगा."

"का वं?"

"ते जनावर न्हवतं. आमी व्हतो."

बानूबाईने त्याच्याकडे पाहिले, मग तिघांच्या पायांकडे. सगळ्या डोंगरावर फुफाटा होता आणि या तिघांचे पाय धुतल्यासारखे होते. दत्तोबाची वहाण अजून ओली होती. बानूबाई शिव्या देईल असे रामहरीला वाटले. दिल्या असत्या तर बरे झाले असते. तिने चरवी उपडी केली. ताक मातीत जिरेपर्यंत ती बघत राहिली.

"मग तुमी का पिलासा?" तिने विचारले.

रामहरीने रिकामी वाटी तिच्याकडे सारली. वाटी उचलून ती निघून गेली.

दत्तोबा पोट धरून हसला. त्याला राग आला नव्हता, आणि रामहरीला त्याचीच जास्त किळस आली. रामा, तू पिलास आणि वर सांगितलंस, असा माणूस मी पाहिला नाही, असे तो म्हणत राहिला. मग त्याने पानाचा पितळी डबा उघडला, नवा विडा गालात सारला आणि म्हणाला, "सोड आता. काढ ती सुपारी, देवासमोर फोडून टाकू."

रामहरीने सोग्याची गाठ चाचपली. सोडली नाही. त्याला परस दिसले, राखेत बरबटलेली बोटे दिसली, आणि श्वास धरून एका बाजूला फिरवलेले तोंड. ते तोंड चंद्राबाईचे नव्हते.

"आज न्हाय," तो म्हणाला.

"मग कवा? पौष लागंल की."

"पौषातबी न्हाय. म्होरंबी न्हाय, दत्तोबा."

दत्तोबा चघळायचा थांबला. "एका चुळीपायी पोरीचं नशीब घालवतोस व्हय?"

रामहरीने सोग्याची गाठ आणखी आवळली. कुंडलिकने काहीतरी थट्टा करून पाहिली, ती कुणी उचलली नाही. शेवटी दत्तोबा देवाच्या गडग्याबाहेर थुंकला आणि दोघे खालच्या वाटेने निघून गेले.

रामहरी उलटा टाक्याकडे गेला. पाणी निवळले होते. वरून पाहिले तर स्वच्छ वाटावे असे. काठाच्या दगडाला मात्र सुपारीचा चोथा चिकटलेला होता आणि तळाशी तांबूस गाळ बसला होता. त्याने चोथा बोटाने खरवडून दूर टाकला. काट्या एकेक करून तोंडावर रचल्या, तळहाताला रक्त आले. एवढ्याने काय होणार, हे त्याला कळत होते. शिमग्यापर्यंत ती बाई हेच पाणी भरणार होती, दुसरे नव्हतेच.

मग एकदम घशाशी आले. टाक्यापासून जमेल तेवढे लांब पळत जाऊन तो कुसळांत ओकला. तोंड आंबट, कडू झाले. चूळ भरावी असे फार वाटले, आणि मागे वळले की पाणी होते. तो टाक्याकडे न बघता तसाच, तोंड न धुता, डोंगर उतरू लागला. सोग्यातली सुपारी मांडीवर आपटत होती.