दुबईहून तीन तास

आबांचा पाचव्या दिवसाचा जलदान विधी आटोपला, परंदवडीच्या घरासमोर पंगत बसली आणि निलेशने तीच कहाणी पुन्हा सुरू केली.

सकाळी आबांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांच्या थोरल्या लेकीने, सविताने, आधी नवऱ्यालाच, निलेशला, फोन लावला होता. तो म्हणाला, कंपनीच्या कामाला दुबईत आलोय, गाडी मुंबईच्या विमानतळावर आहे. रुग्णवाहिका यायला सव्वा तास गेला. आबा दवाखान्याच्या वाटेतच गेले. संध्याकाळी पाचला निलेश दारात हजर झाला आणि गावभर त्याचं कौतुक झालं.

सविताची धाकटी बहीण यशोधरा भौतिकशास्त्राची पदवीधर. निलेशचं बोलणं तिने त्याच संध्याकाळी ऐकलं होतं, आणि आकडा जुळेना म्हणून पाच दिवस दात आवळून गप्प बसली होती. घरात विचारलं असतं तर सविताने पांघरूण घातलं असतं. यशोधराला माणसं हवी होती, भरलेली पंगत हवी होती.

"एवढ्या लांबून सासऱ्यासाठी कोण धावतंय?" पंगतीत बसलेले गावातले केरबाभाऊ म्हणाले.

यशोधरा वरणाचं भांडं घेऊन निलेशपुढे थांबली. "दाजी, विमान किती वाजता सुटलं?"

"बाराला."

"तिथल्या घड्याळात?"

"तिथल्याच की. विमानतळावर हे एवढं मोठं घड्याळ आहे."

"आणि मुंबईत उतरलात तेव्हा?"

"तीन वाजलेले. सरळ तीन तासांचा प्रवास. तू शिकलेली ना, एवढा हिशेब येत न्हाई?"

दोघंतिघं हसले. यशोधराने त्यांना हसू दिलं. मग वरण वाढत शांतपणे म्हणाली, "दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, दाजी. तिथं बारा म्हणजे हितं दीड. तीनला तुमचं विमान समुद्रावर असायला हवं होतं. उतरायला साडेचार वाजले असते, मुंबईहून हितं यायला वर दोन तास, आणि पाचला तुम्ही दारात होता."

निलेशने पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. घड्याळात चूक झाली असेल, म्हणाला. केरबाभाऊंनी हात धुतले आणि पासपोर्टवरचा शिक्का दाखव म्हणाले. पासपोर्ट घरी आहे म्हणाला, मग ऑफिसात आहे म्हणाला. शेवटी खाली बघत पुटपुटला, "मित्रांबरोबर बंगल्यावर राहायचं ठरलं होतं. लोणावळ्यात. मला काय माहीत एवढं होईल."

यशोधराला वाटलं होतं, आता आपल्याला बरं वाटेल. वाटलंही. त्याच्या कपाळावरचा घाम तिने डोळे भरून पाहिला.

सविता भाताची परात घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली, परात यशोधराकडे दिली. "यशू, लोणावळ्याहून हितं यायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास."

सविताने निलेशचं ताट उचललं. अर्धवट जेवलेलं, वरण अजून गरम.

"उठा," ती म्हणाली. "मित्र वाट बघत असतील. अर्ध्या तासात पोचाल."