तिसरी शिट्टी

रंगाच्या कंपनीने आमच्या ब्रास बँड स्पर्धेचं प्रायोजकत्व सोडलं आणि रोख बक्षीस नाही म्हटल्यावर एकेका बँडने गाशा गुंडाळला. उरलो फक्त आम्ही. जाताना कंपनीने सांगितलं, यंदा शेवटची स्पर्धा झाली तर त्यांच्या हॉलच्या वरची सरावाची खोली जिंकणाऱ्या बँडला कायमची. नाही झाली तर कुलूप. आता एकट्या बँडच्या वाजवण्याला काही कोणी स्पर्धा म्हणत नाही.

बाबा आमचे बँडमास्तर. आई गेल्यापासून ते घरी फक्त झोपायला येत. सगळा जीव त्या खोलीत. खोली गेली तर बाबा हाती लागायचे नाहीत, हे मला उघड दिसत होतं. म्हणून शक्कल मीच लढवली.

आमच्या स्पर्धेत परीक्षकाला बँड दिसू द्यायचा नसतो. रंगमंचासमोर पातळ कापडाची खोपटी उभारून त्याला सगळ्यांच्या आधी आत बसवतात. निकालापर्यंत डोकावायचं नाही. तो शिट्टी मारतो, बँड वाजवतो, तो लिहितो, मग पुढच्या बँडसाठी शिट्टी. परीक्षक माझा सख्खा मामा, पण लबाडीला साथ देईल तर शपथ! म्हणून त्याला पत्ता लागू न देता आम्हीच दोनदा वाजवायचं ठरवलं. एकदा नेहमीसारखं, एकदा जागा बदलून, संथ लयीत.

भर दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, दोन्ही वेळा झकास झालं. आम्ही खाली उतरून वाद्यं पेट्यांत भरत होतो, तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली.

"मामांची मोजणी चुकली," ड्रमवाला हळूच म्हणाला. आम्ही तोंडं दाबून हसलो.

पण मामा बाहेर येईना. कापडावर त्याची सावली दिसत होती. ती मान डोलवत होती, मध्येच वाकून लिहीत होती. रंगमंचावर चिटपाखरू नव्हतं. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

शेवटी मामा डोळे पुसत बाहेर आला.

"पहिल्या दोन वेळा एकच बँड. मी काय बहिरा आहे? दोन्ही बाद," तो म्हणाला. "पण तिसरा! असा भरलेला बँड किती वर्षांनी ऐकला. खोली त्यांची."

"मामा, तिसरं कोणी वाजवलंच नाही."

"चेष्टा पुरे. भाऊजी, ट्रम्पेट तुमचाच होता ना? तुमचा सूर मला कळणार नाही होय?"

दात काढल्यापासून बाबांनी ट्रम्पेट तोंडाला लावलेला नाही. आणि ते तर माझ्याच शेजारी उभे होते. मला वाटलं, आता मामाला झापतील. बाबांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे खोली मिळाली," ते म्हणाले.

त्यांनी मामाच्या हातातून खोलीची किल्ली घेतली आणि जिना चढायला लागले. मी बाही धरली, ती त्यांनी अलगद सोडवली. वर खुर्च्या सरकवल्याचा आवाज झाला. खूप खुर्च्या. बाबा अजून अर्ध्या जिन्यात असतानाच वर ट्रम्पेट सुरू झाला. सूर त्यांचाच होता. लहानपणी मी त्यावरच झोपायचे.

मला रडू फुटलं. "बाबा, नको ती खोली! घरी चला ना!"

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सरावाला उशीर झालेल्या माणसासारखे ते दोन-दोन पायऱ्या चढत गेले.