दोन ठोके, तीन ठोके

मी एक जुना पोलादी ठोकळा आहे. मुठीत मावतो, पण वजनाला भारी. मित्रांनो, विमानाचा पत्रा रिव्हेटने, म्हणजे धातूच्या जाड खिळ्याने, जोडतात तेव्हा बाहेरचा माणूस हवेचा हातोडा चालवतो आणि आतला माणूस रिव्हेटच्या टोकाला माझा टेका देतो. मध्ये पत्रा आणि कानठळ्या बसवणारा आवाज, त्यामुळे हाका ऐकू येत नाहीत. म्हणून आतून पत्र्यावर माझेच ठोके द्यायचे. दोन म्हणजे छान बसला. तीन म्हणजे वाया गेला, काढ.

सिएटलजवळच्या हॅलडेन कारखान्यात मी थेल्माच्या हातात होतो. ती पंखाच्या पोटात शिरून बसायची, बाहेर अर्ल. लोक म्हणत, "यांचं लग्न झालं असतं तर भांडायलासुद्धा तोंड लागलं नसतं!"

तेव्हा कॅलिफोर्नियातली कार्व्हर कंपनीही आमच्यासारखंच जेट विमान बांधत होती. ज्याचं आधी तयार, त्याला ऑर्डर, अशी चुरस. आमच्या कॅन्टीनमध्ये कार्व्हरचं नाव काढणाऱ्याला कोणी कॉफी देत नसे. सोमवारी एअरलाइनचे साहेब विमान बघायला येणार होते आणि शुक्रवारी थेल्माने तीन ठोके दिले. पुढच्या रिव्हेटला तीन. त्याच्या पुढच्यालाही तीन. घाईघाईत अर्लने पाडलेली भोकं तिरकी गेली होती.

अर्लने झडपेतून डोकं आत घातलं. "डोकं फिरलंय का तुझं? दोन वाजव!"

"ओळच्या ओळ गेलीय, अर्ल. पत्रा उतरवावा लागेल."

"मग सोमवार हुकला. कार्व्हरवाले नाचतील आणि मी घरी बसेन. माझ्या बायकोला, डॉटीला, सातवा महिना लागलाय गं."

थेल्माने मला घट्ट धरलं. "यात लेकरंबाळं बसणार आहेत रे," ती म्हणाली आणि तिने पुन्हा तीन वाजवले.

पत्रा उतरवला, सोमवार हुकला आणि ऑर्डर कार्व्हरला गेली. शेकडो जणांना घरी बसवलं, त्यात अर्लही होता. थेल्माशी एक शब्द न बोलता तो निघून गेला आणि पोटासाठी गेला तो थेट कार्व्हरकडेच. इकडे थेल्माच्या टेबलावर जेवायला कोणी बसेना. तरी तिने नोकरी पुरी केली आणि शेवटच्या दिवशी मला घरी नेलं. तिथे दार अडवायला मी वर्षानुवर्षं पडून होतो. गंज चढला, त्याचं काही नाही. पण 'बरोबर केलंस' असं तिला कोणी कधी म्हटलं नाही, याचं मला फार वाईट वाटे.

ती गेली तेव्हा तिच्या मुलीने, सिग्नेने, मला शवपेटीवर ठेवलं. काठी टेकत एक म्हातारा आला.

"आपण कोण?" सिग्नेने विचारलं.

"मी बाहेरचा. तुझी आई आत असायची."

"अर्ल?"

"हो. तिकडे नवी जोडीदारीण आली की पहिल्याच दिवशी सांगायचो, मला भिऊन दोन वाजवू नकोस. पण तुझ्या आईचं बरोबर होतं, तेवढं इथे येऊन तिला सांगायची मात्र लाज वाटत राहिली."

मित्रांनो, विमान या कंपनीचं असो की त्या, आतून कोणी तीन वाजवले तर त्याच्यावर रागावू नका. आणि त्याला शाबासकी द्यायला इतका उशीर करू नका.

अर्लने मला उचललं आणि पेटीवर हळूच दोन ठोके दिले.